रेटा वजा वजन

२८ ऑगस्ट २०२१ रोजी अलास्कातल्या कोडियाक बेटावरून ‘अ‍ॅस्ट्रा’ या अमेरिकी कंपनीचे एक छोटे रॉकेट निघाले. पाच इंजिने पेटली, रॉकेटने तळ सोडला आणि सेकंदभराच्या आतच त्यातले एक इंजिन बंद पडले. पुढची चित्रफीत ज्यांनी पाहिली त्यांना ती सहजी विसरता येणार नाही. रॉकेट वर जाईना, खालीही पडेना. जमिनीपासून थोड्याशा उंचीवर, उभ्याचे उभे, ते बाजूला सरकू लागले. धुराचे लोट उठवत ते तळाच्या कडेपर्यंत गेले. काही सेकंद असे सरकल्यावर मात्र ते हळूहळू वर चढू लागले आणि मग चक्क आकाशात निघून गेले. सुमारे अडीच मिनिटांनी जमिनीवरून आज्ञा देऊन इंजिने बंद करण्यात आली, तेव्हा ते जवळजवळ ५० किलोमीटर उंचीवर पोहोचले होते.

उपग्रहाच्या कक्षेपर्यंत ते जाणार नव्हतेच. मोहीम फसली होती. पण त्या काही सेकंदांत रॉकेटविद्येतली सर्वांत मूलभूत वजाबाकी साऱ्या जगाला उघड्या डोळ्यांनी दिसली.

इंजिन रॉकेटला वर रेटते, पृथ्वी खाली ओढते. वरच्या रेट्यातून वजन वजा करायचे आणि जे बल उरेल त्याला रॉकेटच्या वस्तुमानाने भागायचे, की त्वरण मिळते. न्यूटनने १६८७ साली मांडलेला दुसरा नियम एवढेच सांगतो, आणि आपल्याकडे शाळा-कॉलेजात तो सगळेच शिकतात. रेटा वजनाच्या सव्वापट असलेल्या पाच इंजिनांच्या रॉकेटाचा विचार करा. एक इंजिन गेले की रेट्याचा पाचवा हिस्सा जातो. सव्वाचा पाचवा हिस्सा म्हणजे पाव, म्हणून उरतो बरोबर एक. रेटा आणि वजन तंतोतंत सारखे होतात आणि वजाबाकी शून्यावर येते. कोडियाकला नेमके याच्या जवळपासचे काहीतरी घडले. उरलेली चार इंजिने जळत राहिली, इंधन कमी होत गेले, वजन घटले, वजाबाकी शून्याच्या वर आली आणि रॉकेट उठले.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. १४ जुलै २०२३ रोजी दुपारी दोन वाजून पस्तीस मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून ‘एलव्हीएम-३’ हे रॉकेट चांद्रयान-३ घेऊन निघाले. साडेत्रेचाळीस मीटर उंच, ६४० टन वजनाचे. दोन्ही बाजूंना ‘एस-२००’ नावाचे घन इंधनाचे दोन बूस्टर, आणि प्रत्येकाचा कमाल रेटा सुमारे ५,१५० किलोन्यूटन. दोन्ही मिळून १०,३०० किलोन्यूटन. ६४० टनांना पृथ्वी ज्या बलाने खाली ओढते ते बल ६४० गुणिले ९.८, म्हणजे सुमारे ६,२७० किलोन्यूटन. वजाबाकी केली की उरतात ४,०३० किलोन्यूटन. त्यांना ६४० टनांनी भागले की उत्तर येते ६.३ मीटर प्रति सेकंद वर्ग. दर सेकंदाला वेग ६.३ मीटर प्रति सेकंदाने, म्हणजे ताशी साधारण २३ किलोमीटरने वाढणार.

हे उत्तर वरच्या मर्यादेचे आहे हे ध्यानात ठेवायला हवे. बूस्टरचा कमाल रेटा पहिल्या क्षणाला मिळत नाही, आणि जमिनीजवळ हवेचा दाब झोताला अडवतो, म्हणून सुरुवातीचे खरे त्वरण याहून कमीच असते. पण या आकडेमोडीतून एक गोष्ट स्वच्छ दिसते. बूस्टर निर्माण करतात त्या बलापैकी साठ टक्क्यांहून अधिक बल नुसते रॉकेटचे वजन पेलण्यात खर्ची पडते. उड्डाण होते ते उरलेल्या चाळीसेक टक्क्यांवर.

एलव्हीएम-३ चे एक वैशिष्ट्य टीव्हीवर पाहताना बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मधल्या मुख्य भागातली दोन ‘विकास’ इंजिने जमिनीवर पेटतच नाहीत. सगळा भार पहिल्यांदा बूस्टर उचलतात. सुमारे ११० सेकंदांनी, रॉकेट बरेच उंच गेल्यावर, ही इंजिने हवेतच सुरू होतात आणि थोड्याच वेळात रिकामे झालेले बूस्टर गळून पडतात. म्हणजे पहिली पावणेदोन मिनिटे ११० टनांहून अधिक द्रव इंधन निव्वळ ओझे म्हणून वर जात असते. हा उधळेपणा वाटेल, पण तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. बूस्टरांकडे जोर भरपूर आहे, आणि द्रव इंधनाची इंजिने विरळ हवेत पेटली की त्यांच्या प्रत्येक किलो इंधनाचे मोल वाढते.

मुळात हा रेटा येतो कुठून, यावरून एकेकाळी मोठा गोंधळ होता. रॉबर्ट गॉडार्ड या अमेरिकी संशोधकाने रॉकेट चंद्रापर्यंत जाऊ शकेल असे सुचवले, तेव्हा १३ जानेवारी १९२० च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अग्रलेखात त्याची टर उडवली. निर्वात पोकळीत ढकलायला काहीच नसताना रॉकेट पुढे कसे जाणार, असा त्या अग्रलेखाचा आक्षेप होता. गॉडार्डने त्यानंतर सहा वर्षांनी, १६ मार्च १९२६ रोजी, मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न गावी द्रव इंधनावर चालणारे जगातले पहिले रॉकेट उडवले. ते अडीच सेकंद उडाले आणि साडेबारा मीटर उंच गेले. वृत्तपत्राने आपली दुरुस्ती छापली १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो-११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी.

रॉकेट हवेला ढकलत नाही. ते स्वतःच्याच इंधनाला मागे फेकते. दर सेकंदाला किती किलो वायू बाहेर पडला आणि तो किती वेगाने बाहेर पडला, या दोहोंचा गुणाकार म्हणजे रेटा. अपोलोचे ‘सॅटर्न-५’ हे महाकाय रॉकेट दर सेकंदाला सुमारे १३ टन इंधन आणि ऑक्सिजन गिळत असे आणि त्याचा झोत सेकंदाला सुमारे २.६ किलोमीटर वेगाने खाली फेकत असे. हा गुणाकार ३३,००० किलोन्यूटनांच्या पुढे जातो. पाच ‘एफ-१’ इंजिनांचा प्रत्यक्ष रेटा तेवढाच, सुमारे ३३,४०० किलोन्यूटन होता.

सॅटर्नचे गणित मुळातून करून पाहण्यासारखे आहे, कारण ते अंतःप्रेरणेला चकवते. रॉकेटचे वस्तुमान होते सुमारे २,९०० टन. ३३,४०० भागिले २,९०० म्हणजे ११.५. त्यातून गुरुत्वाकर्षणाचे ९.८ गेले की उरतात अवघे १.७ मीटर प्रति सेकंद वर्ग. मुंबईची लोकल स्टेशन सोडताना वेग घेते, त्याच्याहून हे फार अधिक नाही. पहिल्या सेकंदात ते प्रचंड धूड एक मीटरसुद्धा वर सरकत नसे. शंभर मीटरहून उंच असलेला शेजारचा मनोरा ओलांडायला त्याला सुमारे बारा सेकंद लागत. अपोलोच्या चित्रफिती पाहताना त्या मंद गतीने छाती दडपते. पुष्कळांना वाटते की चित्रफीत मुद्दाम संथ केली आहे. कधीकधी तसे केलेलेही असते, पण खऱ्या वेगातही सॅटर्न असाच जडपणे उठत असे.

या बारा सेकंदांचा हिशेब मांडला की गुरुत्वाकर्षण किती महाग पडते ते कळते. १५० टनांहून अधिक इंधन जळून गेलेले असते. पृथ्वीची ओढ नसती, तर तेवढ्या इंधनाने रॉकेटला सेकंदाला सुमारे १३८ मीटर वेग दिला असता. प्रत्यक्षात मिळतो जेमतेम २० मीटर, म्हणजे ताशी सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. हायवेवरच्या मोटारीचा वेग. बाकीचे सगळे पृथ्वीने खाल्ले.

आणि तरीही हेच रॉकेट माणसांना चंद्रावर घेऊन गेले, कारण ही वजाबाकी दर सेकंदाला बदलत असते. रॉकेटच्या वजनात मुख्य वाटा इंधनाचा, आणि ते सतत जळत असते. पाण्याने भरलेला टँकर खंबाटकी घाट चढताना वाटेत गळत जावा, इंजिन तेवढेच राहावे आणि चढ संपेपर्यंत टँकर पार हलका व्हावा, तसे हे आहे. मात्र इथे फरक सरळ प्रमाणात पडत नाही. सॅटर्नचे वस्तुमान समजा दहा टक्क्यांनी घटले. २,९०० टनांचे झाले २,६१०. त्याला लागतात बावीस-तेवीस सेकंद. आता ३३,४०० भागिले २,६१० म्हणजे १२.८, त्यातून ९.८ गेले, उरले ३. वजन दहा टक्के घटले आणि त्वरण १.७ वरून ३ वर, म्हणजे पाऊणपटीने वाढले. शिल्लक थोडी असली की भाजकातला छोटासा बदलही ती कुठल्या कुठे नेतो. रॉकेटविद्येतल्या सगळ्या गमती आणि सगळ्या दुर्घटना या एका गोष्टीत दडलेल्या आहेत.

दुर्घटना म्हणजे कशा? ६ डिसेंबर १९५७ रोजी अमेरिकेने आपला पहिला उपग्रह सोडण्याचा प्रयत्न केला. रशियाचा स्पुटनिक दोन महिन्यांपूर्वी वर गेला होता आणि सगळ्या देशाचे लक्ष केप कॅनव्हेरलकडे लागले होते. ‘व्हॅन्गार्ड’ रॉकेट सुमारे सव्वा मीटर उचलले गेले, रेटा नाहीसा झाला आणि ते तळावरच कोसळून पेटले. छोटासा उपग्रह बाजूला फेकला गेला आणि तिथूनच आपले संदेश पाठवत राहिला.

उलट टोकालाही अडचण आहे. इंधन संपत आले की रॉकेट इतके हलके होते की त्वरण आवाक्याबाहेर जाऊ लागते. इथे आणखी एक बारकावा आहे. अंतराळवीराला जाणवते ते वजाबाकीनंतरचे त्वरण नव्हे. त्याच्या पाठीला खुर्ची जितक्या जोराने रेटते तेवढेच त्याला जाणवते, आणि ते म्हणजे रेटा भागिले वस्तुमान. त्यातून काहीही वजा न करता. सॅटर्न तळावरून सुटताना त्याला आपले वजन जेमतेम पावपटीच्या आतबाहेर वाढल्यासारखे वाटे. अडीच मिनिटांनी तेच चौपटीच्या जवळ पोहोचे. म्हणून उड्डाणानंतर सुमारे सव्वादोन मिनिटांनी मधले इंजिन मुद्दाम बंद केले जाई आणि उरलेली चार पुढे चालत. स्पेस शटलमध्ये याच कारणासाठी शेवटच्या टप्प्यात इंजिनांचा जोर कमी करत आणत, म्हणजे भार तिपटीच्या वर जाणार नाही.

द्रव इंधनाचे इंजिन बंद करता येते, काहींचा जोर कमी-जास्तही करता येतो. घन इंधनाला ही सोय नाही. एकदा पेटले की संपेपर्यंत जळणार. मग त्याच्या रेट्यावर ताबा ठेवायचा कसा? तो आधीच, इंधन साच्यात ओततानाच ठरवावा लागतो. इंधनाच्या मधोमध एक पोकळी ठेवतात आणि आतल्या पृष्ठभागावरून ते बाहेरच्या दिशेने जळत जाते. पोकळीचा आकार जसा, तसा जळणारा पृष्ठभाग, आणि जसा पृष्ठभाग तसा रेटा. एस-२०० च्या वरच्या खंडात ताऱ्याच्या आकाराची पोकळी असते. सुरुवातीला ताऱ्याच्या कोनाकोपऱ्यांमुळे जळणारे क्षेत्र मोठे असते, पुढे कोपरे झिजून ते बदलते. रॉकेट हवेच्या सर्वाधिक दाबातून जात असताना रेटा किती हवा आणि नंतर किती, हे सगळे त्या आकारात आधीच लिहून ठेवलेले असते. उड्डाणाच्या कित्येक महिने आधी केलेले हे गणित नंतर कुणालाही बदलता येत नाही, आणि म्हणूनच या कामाबद्दल वाटणारा आदर दर उड्डाणागणिक वाढतो.

भारतात घन इंधनाच्या या विद्येचा पाया ज्यांनी घातला त्यांत डॉ. वसंत गोवारीकर अग्रभागी होते. मराठी वाचकांना ते मोसमी पावसाच्या अंदाजाच्या प्रारूपामुळे अधिक आठवतात, पण त्यांचे मूळ काम रॉकेटच्या इंधनाचे. १९७९ ते १९८५ या काळात ते तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. १८ जुलै १९८० रोजी ‘एसएलव्ही-३’ने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला तो याच काळात. ते चारही टप्पे घन इंधनाचे असलेले, १७ टनांचे रॉकेट होते. आजच्या एका एस-२०० बूस्टरमध्ये तसल्या डझनभर रॉकेटांच्या वजनाएवढे, २०५ टन इंधन मावते. त्या बूस्टरच्या पोलादी कवचाचे खंड इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात घडले आहेत, तर विकास इंजिने विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात. साखर कारखान्यामुळे वसलेल्या गावातून चांद्रयानाच्या बूस्टरचे कवच निघते, ही महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासात ठळकपणे नोंदवावी अशी गोष्ट आहे.

पुन्हा गणिताकडे. उभ्याने चढताना प्रत्येक सेकंद रॉकेटच्या खात्यातून ९.८ मीटर प्रति सेकंद एवढा वेग वळता करून घेतो. मग रॉकेट सगळा वेळ सरळ वर का जात नाही, याचे उत्तर यातच आहे. उपग्रहाला उंची हवीच, पण त्याहून कितीतरी जास्त हवा असतो आडवा वेग, सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर. म्हणून तळ सोडल्यावर काही सेकंदांतच रॉकेट किंचित कलते आणि मग पृथ्वीची ओढच त्याला हळूहळू आडवे करत नेते. शत्रूकडूनच काम करून घेण्याची ही युक्ती अतिशय सुंदर आहे. तरीही गुरुत्वाकर्षणाला द्यावा लागणारा कर सेकंदाला एक ते दीड किलोमीटरच्या घरात जातो. श्रीहरिकोट्याहून पूर्वेला उडताना पृथ्वीच्या फिरण्यामुळे सेकंदाला सुमारे ४५० मीटरचा वेग फुकट मिळतो, त्यातून या कराचा थोडा भाग वसूल होतो. ध्रुवीय कक्षेत जाणाऱ्या पीएसएलव्हीला ही सवलत नाही. शिवाय सरळ दक्षिणेला श्रीलंका आड येते, म्हणून त्याला वळसा घेऊन जावे लागते आणि तो वळसाही इंधन खातो.

या सगळ्यात सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की रॉकेटला गुरुत्वाकर्षण मोजताच येत नाही. त्याच्या पोटात त्वरणमापक असतो, पण तो अंतराळवीराच्या पाठीसारखाच. त्याला फक्त रेटा कळतो, ओढ कळत नाही. तळावर उभ्या असलेल्या रॉकेटचा मापक सांगतो की आपण ९.८ च्या त्वरणाने वर चाललो आहोत, कारण जमीन त्याला खालून तेवढ्याच जोराने रेटत असते. इंजिने बंद करून कक्षेत फिरणाऱ्या यानाचा मापक शून्य दाखवतो, जरी ४०० किलोमीटर उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के शिल्लक असली तरी. म्हणून रॉकेटमधला संगणक आपण कुठे आहोत यावरून तिथली ओढ किती असेल ते हिशेबाने काढतो आणि मापकाने दिलेल्या आकड्यात ती मिळवतो. रेटा मोजलेला, गुरुत्वाकर्षण मोजून नव्हे तर मांडून घेतलेले, आणि दोहोंवरून वेग. ही बेरीज सेकंदात अनेकदा होते, आणि तिच्यातली बारीकशी चूकही साचत जाते.

भाजकातली चूक किती महाग पडते हे इस्रोने ३१ ऑगस्ट २०१७ रोजी अनुभवले. पीएसएलव्ही-सी३९ वरून दिशादर्शनाचा एक उपग्रह जात होता. हवेचे थर पार झाल्यावर रॉकेटच्या टोकावरचे उष्णतारोधक आवरण दुभंगून गळून पडायला हवे होते. ते पडले नाही. इंजिने नेहमीप्रमाणे जळत राहिली, रेट्यात काही उणे नव्हते, पण एक टनाहून अधिक नको असलेले ओझे शेवटपर्यंत बरोबर राहिले. वेग अपुरा पडला, कक्षा खाली राहिली आणि उपग्रह त्या आवरणातच अडकून वाया गेला.

अंशातली चूकही तितकीच घातक. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चा ‘विक्रम’ हा लँडर चंद्रावर आदळला. नंतर इस्रोचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी कारणे उघडपणे सांगितली. वेग कमी करण्यासाठी लावलेल्या पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा थोडा जास्त रेटा दिला, त्यामुळे चुका साचत गेल्या, आणि त्या दुरुस्त करायला यानाला जेवढे झपाट्याने वळावे लागले असते तेवढी मुभा त्याच्या आज्ञावलीत नव्हती. जास्त रेटा मिळणे हे संकट ठरू शकते, हे उतरतानाच कळते. स्पेसएक्सच्या ‘फाल्कन-९’ची तीच कथा. परत येणारा त्याचा रिकामा बूस्टर इतका हलका असतो की एकुलते एक चालू इंजिन अगदी कमी जोरावर ठेवले तरी रेटा वजनापेक्षा जास्तच भरतो. त्याला हवेत थांबता येत नाही. वेग आणि उंची एकाच क्षणी शून्यावर येतील असे इंजिन पेटवावे लागते. २०१५ च्या डिसेंबरात हे पहिल्यांदा जमले.

चांद्रयान-३ मध्ये पाचवे इंजिन काढून टाकले आणि प्रत्येकी ८०० न्यूटनांची चार ठेवली. सुमारे १,७५० किलोच्या विक्रमचे चंद्रावरचे वजन, तिथल्या १.६२ च्या ओढीने, भरते साधारण २,८३५ न्यूटन. चारही इंजिने पूर्ण जोरात लावली तर ३,२०० न्यूटन. म्हणजे इंधनाने भरलेल्या यानासाठी शिल्लक उरते फक्त ३६५ न्यूटन. पुढे इंधन जळत जाते तशी ही शिल्लक वाढते आणि इंजिनांचा जोर कमी करत आणावा लागतो. २३ ऑगस्ट २०२३ रोजी विक्रम अलगद उतरला. ३ सप्टेंबरला इस्रोने त्याची इंजिने पुन्हा पेटवली. तो सुमारे ४० सेंटिमीटर वर उचलला गेला आणि तीस-चाळीस सेंटिमीटर अंतरावर सुखरूप टेकला. ती छोटीशी उडी पुढे चंद्रावरून माती घेऊन परतण्याच्या दृष्टीने फार मोलाची होती, आणि तिला मिळायला हवी होती तेवढी प्रसिद्धी मिळाली नाही.

पुढचे प्रक्षेपण टीव्हीवर किंवा इंटरनेटवर पाहताना कागद-पेन्सिल जवळ ठेवावी. स्पेसएक्सच्या थेट प्रसारणात वेग पडद्यावर सतत दिसत असतो, ताशी किलोमीटरमध्ये. दर दहा सेकंदांनी तो लिहून घ्यावा, ३.६ ने भागून मीटर प्रति सेकंद करावा, लागोपाठच्या दोन आकड्यांची वजाबाकी करून दहाने भागावे. सुरुवातीची मंद चढण, हवेच्या दाबातून जातानाची कपात, टप्पा संपण्याआधीची झेप आणि इंजिने थांबल्यावरचा अचानक खड्डा, सगळे तुमच्या वहीत उतरेल. घरात अकरावी-बारावीचे मूल असेल तर हे काम त्याच्याकडे सोपवा, आणि जमल्यास इस्रोच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून त्याला एकदा श्रीहरिकोट्याच्या प्रेक्षक सज्जात घेऊन जा.